घटस्फोटानंतर नोकरी शोधताना: कागदांपासून पहिल्या पगाराच्या स्लिपपर्यंत

घटस्फोट झालेल्या बाईला सल्ला द्यायला सगळे तयार असतात. "आता स्वतःच्या आवडीचं काहीतरी कर." मग केक, टिफिन, बुटीक, रेझिन आर्ट अशी यादी येते. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. मी गेली बरीच वर्षं ठाणे-मुंबई भागात छोट्या-मध्यम कंपन्यांसाठी माणसं शोधायचं काम करते आणि माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. पहिल्या नोकरीकडून आवड, मानमरातब, प्रगती यातलं काही मागू नका. ठरलेल्या तारखेला बँकेत जमा होणारा पगार आणि त्याची स्लिप, एवढंच मागा. घर भाड्याने देणारा स्लिप मागतो, बँक स्लिप मागते आणि पुढची कंपनी तर पहिल्यांदा तीच मागते. आवडीचं काम दुसऱ्या नोकरीत शोधता येतं. दुसरी नोकरी शोधणं पहिलीपेक्षा कितीतरी सोपं असतं.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या, काही वर्षं घरी राहून आता कमवायला बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढल्या तर नंतरची धावपळ वाचते.

पायरी १: निकालाची वाट बघत बसू नका

"एकदा डिक्री हातात पडू दे, मग बघते," हे वाक्य मी सतत ऐकते. परस्पर संमतीने अर्ज केला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे दोन टप्प्यांत सहा महिन्यांचं अंतर ठेवलेलं आहे. ते माफ करता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं खरं, पण तशी सवलत प्रत्येक प्रकरणात मिळतेच असं नाही. आणि केस भांडून चालली असेल तर वर्षं जातात. तेवढा वेळ तुमच्या बायोडेटातली मोकळी जागा वाढत राहते.

थांबण्यामागचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: "नोकरी धरली तर पोटगी बंद होईल." सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात स्पष्ट केलं आहे की बायको कमावते एवढ्या एका कारणावरून पोटगी नाकारता येत नाही. तिची कमाई लग्नातल्या राहणीमानाच्या मानाने पुरेशी आहे का, हे बघायचं असतं. रक्कम कमी होऊ शकते, हे मात्र मान्य करूनच चला. मुलांच्या खर्चाची वडिलांची जबाबदारी तुम्ही कमवायला लागलात म्हणून संपत नाही.

याच निकालानुसार दोन्ही बाजूंना आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी लागतात. म्हणून नोकरी लागली की त्याच आठवड्यात वकिलाला कळवा. लपवलेली नोकरी समोरच्या वकिलाला सापडली की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्टाचा विश्वास राहत नाही. "रोखीने पगार घे म्हणजे कळणार नाही" असं सुचवणारे नातेवाईक असतात. रोखीच्या पगाराला स्लिप नसते, मग नोकरी करून काय मिळवलं?

वकिलाची फी हाच अडसर असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोनवर १५१०० हा क्रमांक आहे.

(पुरुष वाचकांसाठी एकच वाक्य: पोटगी टाळायला नोकरी सोडण्याचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका, कोर्ट कमावण्याची क्षमताही बघतं.)

पायरी २: नाव एकदाच ठरवा

आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवरा येतो. काही घरांत पहिलं नावही बदललेलं असतं. परिणाम असा की दहावी-बारावी आणि पदवीची प्रमाणपत्रं एका नावावर, आधार आणि बँक दुसऱ्या नावावर, आणि पॅन कधी इकडे कधी तिकडे. नोकरीत हे सगळं एका टेबलावर एकत्र येतं आणि पीएफचं केवायसी तिथेच अडकतं.

पहिली गोष्ट: घटस्फोट झाला म्हणून माहेरचं नाव परत लावलंच पाहिजे असा कायदा नाही. मुलांच्या शाळेत तेच आडनाव आहे, बँकेत तेच आहे, तर तसंच ठेवलं तरी चालतं. नोकरीचा शोध ऐन रंगात असताना नाव बदलायला काढू नका. एक तर आधीच उरकून घ्या किंवा नोकरी लागून स्थिरावल्यावर करा. मधल्या काळात आधार एका नावाचं आणि पॅन दुसऱ्या नावाचं अशी अवस्था झाली तर पहिला पगारसुद्धा रखडू शकतो.

बदलायचंच ठरलं असेल तर क्रम असा ठेवा: राजपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणण्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं, आणि लग्नानंतर तुम्ही एकदा बदललेलं असण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे तुमच्या हातात एकच संधी आहे. फॉर्म भरताना स्पेलिंग तीनदा वाचा. केंद्रावरच्या मुलाने टाइप केलेलं वाचल्याशिवाय अंगठा लावू नका.

बदलायचं नसेल तर जुन्या आणि आताच्या नावाची व्यक्ती एकच आहे हे दाखवणारा कागद जवळ ठेवा. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र त्यासाठीच लागतं. ते फाडून टाकण्याचा मोह होतो. टाकू नका.

पायरी ३: एक फाइल, आणि तिचे फोटो मेलवर

डिक्रीची प्रमाणित प्रत एक नको, दोन-तीन काढा. सगळ्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, जातीचा दाखला असेल तर तो. कागद सासरी अडकले असतील तर त्यासाठी भांडणात वेळ घालवू नका. दहावी-बारावीची दुय्यम प्रत मंडळाकडून मिळते, पदवीची विद्यापीठाकडून. वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करा.

जुन्या नोकरीचं अनुभवपत्र नसणं ही नेहमीची अडचण. ती कंपनी बंद पडली असेल तर पीएफचं पासबुक कामी येतं. यूएएन २०१४ मध्ये आला, त्याआधीच्या खात्यांना जुना सदस्य क्रमांक असायचा आणि तो जुन्या स्लिपवर सापडतो. पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेलं बँक स्टेटमेंट, कंपनीने दिलेला पगार-कराचा दाखला म्हणजे फॉर्म १६, कर कापला असेल तर आयकर खात्याकडची त्याची नोंद म्हणजे फॉर्म २६एएस, हेही पुरावेच आहेत. जुन्या साहेबांचा किंवा सहकाऱ्याचा फोन लागला तर अर्धं काम झालं.

नर्स, फार्मासिस्ट असाल तर राज्याच्या कौन्सिलकडची नोंदणी चालू आहे का ते आधी बघा. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर हॉस्पिटल तुम्हाला हवं असूनही घेऊ शकत नाही.

पायरी ४: जॉइंट कर्ज तपासा

ही पायरी जवळजवळ कुणीच सांगत नाही. घराच्या कर्जावर तुमचं नाव सहकर्जदार म्हणून असेल तर घटस्फोटाने ते आपोआप निघत नाही. हप्ते नवऱ्याने भरायचे असं संमतीच्या अटींत लिहिलेलं असलं तरी बँक त्या अटींनी बांधलेली नसते. त्याने हप्ते चुकवले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, तुमचाही खराब होतो. याचा नोकरीशी काय संबंध? बँकांच्या भरतीत उमेदवाराचा कर्जाचा इतिहास चांगला असावा अशी अट असते, आणि काही वित्त कंपन्याही तो तपासतात. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. काढून बघा आणि नाव अडकलेलं असेल तर वकिलाला सांगा.

त्याच बैठकीत स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा. पगार जॉइंट खात्यात कधीही घेऊ नका.

पायरी ५: किती तास आणि किती रुपये

बायोडेटा लिहायच्या आधी वहीत दोन आकडे लिहा. पहिला, घराबाहेर जास्तीत जास्त किती तास राहता येईल. दुसरा, महिन्याला हातात कमीत कमी किती आले पाहिजेत.

तासांमध्ये प्रवास धरा, आणि तो गुगलवर बघून नाही तर सोमवारी सकाळी प्रत्यक्ष करून. डोंबिवलीहून दादरला दुपारी दोन वाजता जाणं आणि सकाळी आठ वाजता जाणं यात किती फरक आहे ते तिकडच्यांना सांगायला नको. परतीची गाडी चुकली तर पाळणाघरवाल्या काकू किती वाजेपर्यंत थांबतील, हेही आत्ताच विचारून ठेवा. मुलाखतीत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येणार आहे.

रुपयांच्या बाबतीत सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, या शब्दाला भुलू नका. समजा तुम्हाला वर्षाला २ लाख ६५ हजारांची ऑफर आली. महिन्याला साधारण २२ हजार होतात असं वाटतं. आता आत बघू. ढोबळ पगार २०,०००, त्यात मूळ पगार १२,०००. कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० भरते आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्के म्हणजे ६५० भरते. हे दोन्ही सीटीसीत धरलेले असतात, तुमच्या हातात येत नाहीत. मग तुमच्या वीस हजारांतून तुमचा पीएफ १,४४० आणि ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे १५० रुपये कापले जातात. हातात येतात १८,४१०. व्यवसाय कर मात्र महाराष्ट्रात महिलांना महिन्याच्या २५ हजार पगारापर्यंत माफ आहे. कापलेला दिसला तर हिशोबनीसाला विचारा.

आता १८,४१० मधून पाळणाघर, पास आणि भाडं वजा करा. उरलेला आकडा बघून घाबरायला होतं. पण त्यात एक गोष्ट दिसत नाही: ईएसआयचं कार्ड. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ते मिळतं आणि त्यावर मुलांचे, अवलंबून असलेल्या आई-वडिलांचेही उपचार होतात. नवऱ्याच्या कंपनीचं मेडिक्लेम घटस्फोटानंतर तुम्हाला लागू राहत नाही, तेव्हा या कार्डाची किंमत मोठी आहे.

राहण्याचीच सोय नसेल तर नोकरी करणाऱ्या महिलांसाठीची वसतिगृहं आहेत. केंद्राच्या सखी निवास योजनेत आईबरोबर मुलगी १८ वर्षांपर्यंत आणि मुलगा १२ वर्षांपर्यंत राहू शकतो. जागा कमी असतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा.

आणि एकरकमी पोटगी मिळाली असेल तर पहिलं वर्षभर तिला हात लावू नका. फ्रँचायझी, भिशी, मामेभावाचा धंदा, सगळ्यांना नाही म्हणा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, व्याज कितीही चांगलं असो.

पायरी ६: तुमच्या गैरहजेरीत काय बदललं तेवढंच शिका

बाई घाबरली की क्लास लावते. सहा महिन्यांचा कोर्स, तीस-चाळीस हजार फी, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. माझा सल्ला असा की अर्ज करायला आधी सुरुवात करा आणि दोन-तीन ठिकाणी कशावर अडता ते बघून तेवढंच शिका.

हिशोबाच्या कामाचं उदाहरण घेऊ, कारण बी.कॉम. होऊन लग्नाआधी दोन-चार वर्षं सीएच्या ऑफिसात काम केलेल्या बायका आपल्याकडे खूप आहेत. तुम्ही २०१५ मध्ये नोकरी सोडली असेल तर तुम्ही व्हॅट आणि सेवा कर बघितलेला आहे, जीएसटी नाही. तो १ जुलै २०१७ ला आला. पाठोपाठ ई-वे बिल आलं, मग ई-इन्व्हॉइस आलं. डेबिट-क्रेडिट तेच आहे, टॅलीही ओळखीचं वाटेल. मुलाखतीला गेल्यावर बहुतेक वेळा तुमच्यासमोर एक बँक स्टेटमेंट आणि लेजर ठेवतात आणि म्हणतात, मिळवून दाखवा. ते तुम्हाला येतं. मग म्हणतात, २-बी आणि खरेदीचं रजिस्टर जुळवा. पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटीच्या पोर्टलवर दर महिन्याला जे पत्रक तयार होतं त्याला २-बी म्हणतात. आपल्या रजिस्टरमध्ये असलेलं बिल त्यात नसेल तर त्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) घेता येत नाही, म्हणून कोणाची बिलं राहिली ते शोधून त्या व्यापाऱ्याला फोन करायचा. छोट्या ऑफिसात महिन्याचे कित्येक दिवस याच कामात जातात. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल येत असेल तर हे काम दुपारभरात होतं. दोन्ही गोष्टी यूट्यूबवर मराठीतून फुकट शिकता येतात. ओळखीच्या दुकानदाराची एका महिन्याची बिलं मागून घ्या आणि खरी जुळवणी करून बघा. चाळीस हजारांचा क्लास यापेक्षा जास्त शिकवत नाही.

इतर क्षेत्रांत काय बदललं असेल ते त्या त्या कामातल्या माणसालाच विचारा. शाळेत पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. सरकारी कारकुनी कामाला एमएस-सीआयटी आणि टंकलेखनाची प्रमाणपत्रं लागतात. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर कॅशलेस विम्याचे अर्ज भरता येणारी बाई हवी असते.

पायरी ७: बायोडेटा लग्नाचा नाही, नोकरीचा

वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, धर्म, जात, उंची, 'वैवाहिक स्थिती: घटस्फोटित'. हे सगळं काढा. माझ्याकडे आजही असे बायोडेटा येतात आणि शेवटची ती ओळ वाचून समोरचा माणूस कामाचा विचार सोडून भलताच विचार करायला लागतो.

मोकळ्या वर्षांचं काय करायचं? लपवायची नाहीत, तारखा खेचायच्या नाहीत. ओळखीतल्या एकीने लिहिलं होतं: "२०१४ ते २०२३ – गृहिणी (घरगुती अडचणींमुळे)". बोलता बोलता कळलं की या काळात ती सोसायटीची खजिनदार होती. मग ती ओळ अशी झाली: "२०१४ ते २०२३ – कौटुंबिक जबाबदारीमुळे पूर्णवेळ नोकरीतून विराम. २०१९ पासून ६० सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेची खजिनदार: मेंटेनन्सची वसुली, थकबाकीच्या नोटिसा, लेखापरीक्षणासाठी कागद तयार करणे." थकबाकीदार शेजाऱ्याकडून पैसे वसूल करणाऱ्या बाईला वसुलीच्या कामाला कोण नाही म्हणेल?

तुम्ही खजिनदार नसालही. मुलांच्या शिकवण्या, नवऱ्याच्या दुकानाचं बिलिंग, बचत गटाचं दप्तर, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, काहीतरी असतंच. केलं असेल तेवढंच आणि आकड्यांत लिहा. एका पानात संपवा.

पायरी ८: शोध

पहिली नोकरी बहुतेक जणींना ओळखीतून लागते, आणि नेमकी हीच वाट बायका टाळतात, कारण सांगितलं की चौकशा सुरू होतात. म्हणून घटस्फोटाचा उल्लेख नसलेला मेसेज तयार ठेवा: "नमस्कार, मी पुन्हा नोकरी सुरू करते आहे. अकाउंट्समधला तीन वर्षांचा अनुभव आहे, टॅली आणि एक्सेल येतं. ठाणे ते मुलुंड भागात, साडेनऊ ते सहा. तुमच्या ऑफिसात किंवा ओळखीत कुणाला गरज असेल तर कळवाल का? बायोडेटा सोबत पाठवते." जुने वर्गमित्र, मुलांच्या वर्गातले पालक, सोसायटीचा ग्रुप, आधीचे साहेब, सगळ्यांना स्वतंत्र पाठवा. काम, भाग आणि वेळ या तीन गोष्टी त्यात असल्या की वाचणाऱ्याला पटकन कुणाचं तरी नाव आठवतं.

याशिवाय नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, अपना यांवर खातं उघडा. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवरही नोंदणी करा, जिल्ह्याचे रोजगार मेळावे तिथे कळतात.

हंगाम बघा. खासगी शाळा जूनच्या आधी, मार्च ते मे मध्ये शिक्षिका शोधतात. सीएच्या ऑफिसात जुलैच्या विवरणपत्रांआधी माणसांची ओढ असते. दुकानं दिवाळीआधी तात्पुरती भरती करतात, आणि तिथे चांगलं काम करणाऱ्यांना कधी कधी ठेवूनही घेतात.

फसवणुकीबद्दल कडक राहा. नोकरी देणारा पैसे मागत नाही. नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे, घरबसल्या डेटा एंट्रीचा करार, टेलिग्रामवर लाइक करायची 'टास्क', यांपैकी काही निघालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा, उशीर झाला की ते परत मिळणं अवघड होतं. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नका, दाखवायची आणि परत घ्यायची.

पायरी ९: मुलाखत

"मिस्टर काय करतात?" हा प्रश्न येणार. विचारू नये, पण विचारतात. आणि नेमक्या याच ठिकाणी बायका एक तर गप्प होतात किंवा सगळी कहाणी सांगून बसतात. समोरच्याला कहाणीत रस नसतो, त्याला एवढंच हवं असतं की उद्या तुम्ही वेळेवर येणार का. म्हणून उत्तर असं:

"मी घटस्फोटित आहे. मुलगी माझ्याजवळ असते, दुसरीत आहे. शाळा सुटल्यावर ती साडेसातपर्यंत पाळणाघरात असते, त्यामुळे वेळेची अडचण नाही. तुमच्याकडे महिनाअखेरीला किती उशीर होतो?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्याने बोलणं पुन्हा कामावर येतं. हे उत्तर आरशासमोर नको, एखाद्या मैत्रिणीसमोर म्हणून बघा. माणसासमोर म्हणताना गळा दाटतो की नाही ते आधीच कळलेलं बरं. त्यानंतरही कुणी खोदून विचारत राहिला, "का झालं, कुणाची चूक होती", तर "ते आता संपलंय, कामाबद्दल बोलूया का?" एवढं म्हणा. तरी थांबला नाही तर त्या ऑफिसात पुढे काय होणार याचा अंदाज तुम्हाला आला.

कोर्टाच्या तारखा अजून चालू असतील तर ते मुलाखतीत सांगू नका. ऑफर आल्यावर, रुजू होण्याआधी सांगा: "महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दिवस मला कोर्टात जावं लागतं, तारीख आधी कळवीन." ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. ती त्याच दिवशी साहेबांना कळवली की फारसं कुणी अडवत नाही.

पगार विचारला की "तुम्ही द्याल तो" असं म्हणू नका. वहीतला आकडा आठवा, त्यावर थोडं चढवून सांगा.

पायरी १०: सरकारी नोकरी, पण बाजूने

केंद्राच्या गट 'क' पदांसाठी घटस्फोटित, न्यायिक विभक्त झालेल्या आणि पुनर्विवाह न केलेल्या महिलांना वयाची सवलत आहे: ३५ वर्षांपर्यंत, अनुसूचित जाती-जमातींना ४० पर्यंत. त्यासाठी डिक्रीची प्रमाणित प्रत आणि पुन्हा लग्न केलं नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. केस नुसती चालू असेल तर ही सवलत नाही. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत सर्वसाधारण कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. महिलांना ३० टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण आहे, आणि खुल्या प्रवर्गातल्या महिलांना त्यासाठी लागणारं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र २०२३ पासून लागत नाही. गावात असाल तर आशा सेविकेच्या निवडीत घटस्फोटित स्त्रिया पात्र धरलेल्या आहेत. तिथे मानधन आणि कामावर आधारित मोबदला मिळतो, पगार नाही, हे लक्षात ठेवा.

अभ्यास जरूर करा, पण फक्त अभ्यास करत घरी बसू नका. जाहिरात, परीक्षा, निकाल, कोर्टातली स्थगिती यात दोन-दोन वर्षं जातात.

पायरी ११: ऑफर आल्यावर

ऑफर दुसऱ्या शहरातली असेल तर हो म्हणण्याआधी मुलांच्या ताब्याच्या आणि भेटीच्या अटी वाचा. वडिलांची भेट दर शनिवारी पुण्यात ठरलेली असेल आणि तुम्ही मुलाला घेऊन नागपूरला गेलात, तर तो आदेशाचा भंग ठरू शकतो. आधी वकिलाकडे, मग ऑफरवर सही.

रुजू होताना जे फॉर्म येतात ते भराभर भरू नका. जुना यूएएन असेल तर तोच द्या, नवीन काढू देऊ नका. पीएफचं ई-नॉमिनेशन, ग्रुप विमा, बँक, आयुर्विमा, सगळीकडे नॉमिनी कोण आहे ते बघा. घटस्फोटाने नॉमिनी आपोआप बदलत नाही, आणि जुन्या पॉलिसीवर अजून त्याचंच नाव असण्याची शक्यता आहे. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मुलांची नावं रुजू झाल्यावर ठरावीक दिवसांतच घालता येतात, ती मुदत पहिल्याच दिवशी विचारा. तातडीच्या संपर्कासाठी भावाचा किंवा मैत्रिणीचा नंबर द्या. कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

ऑफिसात घटस्फोटाबद्दल कुणाला सांगायचं हे तुम्ही ठरवा. एचआर आणि थेट साहेब एवढ्यांना माहीत असलं तरी पुरतं. एकटी आहे असं कळल्यावर रात्री-अपरात्री 'जेवलीस का' असे मेसेज पाठवणारे निघतात. स्क्रीनशॉट ठेवा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली असायला हवीत.

आणि दर महिन्याची पगाराची स्लिप आली की त्याच दिवशी स्वतःच्या खासगी मेलवर पाठवून ठेवा. कंपनीचा मेल नोकरी सोडल्याच्या संध्याकाळी बंद होतो आणि मग जुन्या स्लिपसाठी त्याच एचआरच्या मागे फिरावं लागतं. बारा स्लिपा, नियुक्तीपत्र आणि फॉर्म १६ जमले की बायोडेटा पुन्हा उघडा, वरची ओळ बदला आणि या वेळी पगाराचा आकडा तीस टक्के वाढवून सांगा. आवडीच्या कामाचा विचार करायची वेळही हीच.